जुना फिल्टर दाखवा

गाडीची सर्व्हिसिंग झाली की गिऱ्हाइकाच्या हातात बिल येतं, जुना फिल्टर येत नाही. बिलात ऑइल किती लिटर, फिल्टर कितीचा, वायसर, मजुरी, त्यावर जीएसटी, सगळं ओळीने लिहिलेलं असतं. ज्या वस्तूने मागचे दहा हजार किलोमीटर इंजिनातली काजळी आणि धातूचा चुरा अडवून धरला, ती तोवर गॅरेजच्या मागच्या पिंपात पडलेली असते आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर आणखी दहा-वीस पडतात. या पुस्तिकेचा विषय ते पिंप आहे. त्यातला डबा कापून, आतला कागद उलगडून पाहिला तर इंजिनाबद्दल काय कळतं, कितपत खात्रीने कळतं आणि काय अजिबात कळत नाही, ते यात सांगितलं आहे.

ज्यांचा विमानांशी संबंध आला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. शिकाऊ वैमानिकांच्या छोट्या सेसना विमानांत ज्या लायकमिंग कंपनीची पिस्टन इंजिनं असतात, तिची लेखी सूचनाच आहे: दर ५० तासांच्या उड्डाणानंतर किंवा चार महिन्यांनी, यातलं जे आधी येईल तेव्हा, तेल आणि फिल्टर बदलायचा, काढलेला फिल्टर कापायचा आणि त्यात धातू दिसतो का ते पाहायचं. ५० तास म्हणजे किती? ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने मोटार चालवली तर २,५०० किलोमीटर. मोटारीचा फिल्टर आपण त्याच्या चौपट अंतराने बदलतो आणि न बघता टाकतो. आकाशात इंजिन बंद पडलं तर गाडी कडेला घेऊन मदतीसाठी फोन लावता येत नाही, तेव्हा विमानवाल्यांची काळजी रास्तच आहे. पण पाहण्याची रीत तीच, कागद तसाच, आणि आतली मंडळीही एकाच कुळातली: क्रँक, बेअरिंग, पिस्टन, रिंगा, कॅम.

रेल्वेचं तंत्र थोडं वेगळं, हेतू तोच. इंजिनाच्या तेलात कोणता धातू किती आला आहे हे वर्णपटावरून ओळखण्याचं काम १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँडे वेस्टर्न या रेल्वे कंपनीने आपल्या डिझेल इंजिनांवर सुरू केलं. इंजिन खोलण्याआधीच बेअरिंग झिजल्याचं कळू लागलं, तेव्हा अमेरिकी नौदलाने ती पद्धत विमानांसाठी उचलली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही तेलाचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा असते. लोखंड, तांबं, शिसं यांचे आकडे चढू लागले की त्या इंजिनाकडे लक्ष जातं.

मग मोटारीच्याच बाबतीत हा प्रकार का रुजला नाही, आणि तोही छत्रपती संभाजीनगरसारख्या कारखान्यांच्या शहरात? १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला. एन्ड्युरन्स कंपनीचा जन्मही त्याच वर्षीचा. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. खेड्यापाड्यांत वडापच्या तीनचाकींतून जी ग्रीव्ह्जची डिझेल इंजिनं वर्षानुवर्षं फटफटत राहिली, त्यांचाही कारखाना इथलाच. २०१५ पासून शेंद्र्याला पर्किन्सची इंजिनं होतात. या मोठ्या पाट्यांच्या मागे वाळूज, चिकलठाणा आणि रेल्वे स्टेशन भागातली छोटी युनिटं आहेत. कुठे शाफ्ट ग्राइंड होतात, कुठे गिअर कापले जातात, कुठे ॲल्युमिनिअम ओततात. कंपनीच्या बसने शिफ्टला जाणाऱ्या या शहरात कोणत्याही गल्लीत एखादं घर निघेलच, जिथल्या माणसाने अर्धं आयुष्य मायक्रोमीटर आणि गो-नोगो गेज हातात धरून काढलं आहे.

त्या माणसाच्या कंपनीत एखादा भाग वॉरंटीत परत आला तर तो कापतात, भिंगाखाली ठेवतात, व्हाय-व्हाय ॲनालिसिस करतात, एट-डी रिपोर्ट भरतात, आणि गिऱ्हाईक कंपनीने तो नापास केला की रात्री जागून पुन्हा भरतात. मोडलेला भाग न पाहता भंगारात टाकला तर सुपरवायझर जीव खाईल. तोच माणूस सुट्टीच्या दिवशी स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला देतो आणि फिल्टर कुठे गेला हे विचारत नाही. मी स्वतः इन्स्पेक्शनमधला असल्याने ही विसंगती मला फार दिवस टोचत होती. पुस्तिका मुख्यतः या माणसासाठी लिहिली आहे. मायक्रॉन म्हणजे काय हे त्याला शिकवावं लागत नाही, निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

फिल्टरची रचना आधी नीट समजून घ्यावी, नाहीतर कापल्यावर कुठे पाहायचं हेच कळत नाही. बहुतेक गाड्यांना आट्यांवर फिरवून बसवायचा डबा असतो. पत्र्याच्या कवचात घड्या घातलेला कागद गोलाकार बसवलेला. तो राळ देऊन भाजलेला असतो, म्हणून गरम तेलात लगदा होत नाही. डब्याच्या तोंडाशी मधोमध आट्यांचं मोठं भोक आणि भोवती बारीक भोकांचं कडं. तेल बारीक भोकांतून शिरतं, कागदाच्या बाहेरच्या अंगाने आत झिरपतं आणि मधल्या नळीतून इंजिनाकडे जातं. त्यामुळे कचरा बसतो तो कागदाच्या बाहेरच्या बाजूला, घड्यांच्या खोबणीत. आतल्या बाजूला काही सापडलं तर कागद फाटला आहे किंवा टोकाचा चिकटा सुटला आहे असं समजावं. तो फिल्टर गाळत नव्हता.

डब्यात आणखी दोन वस्तू असतात. एक रबरी पडदा: इंजिन बंद झाल्यावर तेल डब्यातून मागे उतरू नये यासाठी. तो कडक होऊन वाकडा झालेला दिसला तर सकाळी गाडी सुरू करताना येणाऱ्या क्षणभराच्या खडखडाटाचं कारण बहुधा हातात आलेलं असतं. दुसरी, स्प्रिंगवरची बायपासची झडप. कागद तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट असलं की दाब वाढून ती उघडते आणि तेल न गाळता पुढे जातं. इंजिनाला तेलच न मिळण्यापेक्षा घाण तेल मिळालेलं परवडलं, असा तो हिशेब. काही गाड्यांत ही झडप फिल्टरमध्ये नसते, इंजिनातच असते. कागदाच्या घड्या एका बाजूला दबून चिरडल्यासारख्या दिसल्या तर फिल्टर फार काळ चालवला गेला आहे आणि मधल्या बऱ्याच प्रवासात तेल गाळलंच गेलेलं नाही, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

मोटारीला तेलाचा फिल्टर लावण्याची कल्पना १९२३ची, अमेरिकेतल्या अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनवूड यांची. ‘प्युरोलेटर’ हे नावही त्यांचंच. ज्या चेतक स्कूटरवर आपल्याकडची एक अख्खी पिढी फिरली तिला मात्र असा फिल्टर नव्हता. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबर मिसळून जाळून टाकायचं असतं. पुन्हा फिरवायचंच नाही तर गाळायचं काय? दुसऱ्या टोकाला, आजच्या पुष्कळ गाड्यांत डबाच उरलेला नाही. नुसता कागदी गाभा प्लॅस्टिकच्या टोपीखाली बसतो. स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत बसलेलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन याच जातीचं. तिथे कापायला काही नाही, टोपी उघडली की कागद समोर. तरीही कोणी पाहत नाही, म्हणजे अडचण कटरची नाही.

आता सगळ्या विषयाची जी गुरुकिल्ली आहे तिच्याकडे येतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ४० मायक्रॉनच्या खालचा सुटा कण नुसत्या डोळ्याला सहसा दिसत नाही. क्रँक आणि तिचं बेअरिंग यांच्यातली फट मोटारीच्या इंजिनात २० ते ६० मायक्रॉनच्या घरात असते, आणि जिथे जोर येतो तिथे तेलाचा थर दोन-चार मायक्रॉनवर येतो. साधा कागदी फिल्टर २०-३० मायक्रॉनच्या पुढचे कण बऱ्यापैकी धरतो आणि त्याखालचे पुष्कळसे सोडून देतो. प्रयोगशाळेतल्या वर्णपटाच्या यंत्राचं नेमकं उलट आहे. पाच-आठ मायक्रॉनपर्यंतचे कण ते नीट मोजतं. त्याहून मोठा तुकडा पुरता जळत नाही, म्हणून हिशेबात येत नाही.

याचा अर्थ असा की रोजची सावकाश झीज बारीक पूड सोडते आणि ती तेलाच्या नमुन्यात सापडते. पण बेअरिंगचा थर सुटू लागला, कॅमचा पृष्ठभाग थकून फुटू लागला, की पापुद्रे निघतात. ते फिल्टरात अडकतात. बाटलीत भरून पाठवलेल्या तेलात ते नसतातच, आणि चुकून एखादा असला तरी यंत्राला तो दिसत नाही. अहवालातला प्रत्येक आकडा मर्यादेत आणि फिल्टर मात्र चमकीने भरलेला, असं घडू शकतं. तेलाची तपासणी करून घेतो म्हणून फिल्टर पाहत नाही, असं सांगणारे दोन-तीन जाणते लोक मला भेटले आहेत. त्यांच्याशी माझा वाद याच मुद्द्यावर झाला. प्रयोगशाळा धूळ, पाणी, कूलंट, डिझेल मिसळल्याचंही सांगते, तिचं मोल मी कमी मानत नाही. पण ज्याला दोन्ही जमणार नाही त्याने फिल्टर पाहावा. अचानक मोठा खर्च आणणारे बिघाड मोठ्या तुकड्यांनीच सुरू होतात.

कापण्याची कृती पहिल्या प्रकरणात सविस्तर दिली आहे, इथे तिच्यातलं एकच पथ्य सांगतो: करवत लावू नये. हेक्सॉ चालवली की तिचाच लोखंडी कीस कागदावर पडतो आणि आपणच पेरलेलं आपणच मोजत बसतो. नळ कापायच्या कटरच्या धर्तीवर चाक असलेलं फिल्टर-कटर मिळतं. ते डब्याच्या काठाशी लावून थोडं थोडं आवळत फिरवलं की पत्रा कीस न पाडता सुटतो. त्याआधी फिल्टर एक रात्र तोंड खाली करून निथळू द्यावा.

शहराच्या जुन्या भागात एका गॅरेजमध्ये हे काम नीट होताना पाहायला मिळालं. गाडी टुरिस्ट परमिटची, डिझेल. तिथल्या उस्तादांनी कागद दोन्ही टोकांशी पात्याने कापून मोकळा केला, दोन फळ्यांत धरून व्हाइसमध्ये दाबला, तेल काढलं आणि ती लांब पट्टी घेऊन ते थेट उन्हात आले. ट्यूबलाइटखाली त्यांनी ती पाहिलीच नाही. पट्टीचं एक टोक वर-खाली केलं तसं घड्यांच्या काळ्या रेघांत मधूनच काही लुकलुकायचं आणि कोन बदलला की विझायचं. मग दुधाच्या धुतलेल्या पिशवीत चुंबक गुंडाळून त्यांनी तो कागदावरून अलगद फिरवला. प्लॅस्टिकवर करडी, मऊ लव चिकटली. ती दोन बोटांत चोळली, टोचली नाही. ‘ये तो चलता,’ म्हणाले. पुढच्या एका घडीत त्यांनी नखाने काहीतरी टोकरलं आणि तळहातावर माझ्यापुढे धरलं. अर्ध्या मोहरीएवढा, तांबूस पिवळा पापुद्रा. चुंबक जवळ नेला तरी तो हलला नाही. ‘ये नहीं चलता, साहेब.’

तसे आणखी पाच-सहा निघाले. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं तेव्हा एका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा वरचा थर निघून खालचं तांबं उघडं पडलेलं होतं. क्रँकवर अजून ओरखडा नव्हता. बेअरिंगच्या जोड्या बदलल्या, गाडी रस्त्याला लागली. आणखी काही दिवस तशीच धावली असती तर क्रँक लेथवाल्याकडे ग्राइंडिंगला गेली असती, किंवा रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता. ड्रायव्हरला तोवर ना आवाज आला होता, ना डॅशबोर्डवर ऑइलचा दिवा लागला होता. तो दिवा तेलाचा दाब पार खाली गेल्यावर लागतो, आणि तो लागेपर्यंत बोलण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

त्या पिवळ्या पापुद्र्याला एवढं महत्त्व का? पारंपरिक बेअरिंग थरांचं असतं. पाठीला पोलाद, त्यावर तांब्याचा मिश्रधातू, आणि सगळ्यात वर शिसं-कथलासारख्या मऊ धातूचा, जेमतेम २० मायक्रॉनचा लेप. आधी तो करडा लेप झिजतो, मग तांबं लागतं. करडं दिसलं तर लक्ष ठेवावं, पिवळं दिसलं तर चेंबर उतरवण्याचा विचार करावा. मात्र इथेही घाई नको. टर्बोचार्जरमधले बुश पितळी-कांस्य जातीचे असू शकतात, पिस्टन पिनचा बुशही. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून पाहण्याआधी इंजिन खोलायला बसू नये. त्यात आता पुष्कळ बेअरिंग ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूची असतात. ती गेली तरी पिवळं काही निघत नाही, रुपेरी पापुद्रेच निघतात, आणि पिस्टनचं ॲल्युमिनिअमही तसंच दिसतं. ॲल्युमिनिअम ओळखायला काचेच्या भांड्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी घेतात; त्यात ते बुडबुडे सोडत विरघळतं. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे नसतील तर हा प्रयोग करू नये. सोड्याने गेलेला डोळा इंजिनापेक्षा महाग पडतो.

लोखंडाचं चुंबक सांगतोच. मऊ लव प्रत्येक इंजिनात निघते. सुईसारखे किंवा खवल्यासारखे तुकडे निघाले तर कॅम, टॅपेट, टायमिंग चेन, ऑइल पंप यांच्याकडे पाहावं लागतं. चमकणारं सगळंच धातू नसतं आणि काळं सगळंच काजळी नसते. कडक काळा दाणा नखाखाली चिरडून काळा डाग पडला तर कार्बन, विषय संपला. निळ्या, नारिंगी किंवा करड्या रबरासारख्या अळ्या दिसल्या तर कोणीतरी चेंबर बसवताना सीलंट सढळ हाताने लावलं आहे. हे हसण्यावारी नेऊ नये. फिल्टरात आलेल्या अळीच्या आणखी बहिणी चेंबरमधल्या जाळीवर अडकलेल्या असू शकतात, आणि ती जाळी तुंबली की पंपाला तेल मिळत नाही. प्लॅस्टिकची चिपळी निघाली तर चेनचं गाइड तुटत असावं. काही नव्या इंजिनांत टायमिंग बेल्ट तेलातच फिरतो, तिथे रबराचे काळे धागे हे इशाऱ्याचं लक्षण. दुधाळ, चहाच्या रंगाचा चिकट थर दिसला तर पाणी किंवा कूलंट. त्या तेलाचा थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकला की तडतडतो.

आणि नवीन गाडीच्या पहिल्या फिल्टरात चमक दिसली म्हणून कोणी कंपनीला शिव्या घालू नयेत. रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना रुळताना धातू निघतो, मशिनिंगचा एखादा कीसही राहून गेलेला असतो. हे सर्वांना माहीत आहे, आणि म्हणूनच पहिली सर्व्हिसिंग लवकर असते. दुसऱ्या-तिसऱ्या फिल्टरपासून चमक उतरत जायला हवी. ती उतरते की नाही, हे पाहायचं.

हा ‘उतरणं-चढणं’ प्रकारच खरा कामाचा आहे. सुट्या एका फिल्टरावरून निकाल देणारा माणूस भोंदू समजावा, मग तो कितीही अनुभवी असो. एका गाडीला जे नेहमीचं आहे ते दुसरीला धोक्याचं असू शकतं. त्याच गाडीचे लागोपाठ तीन-चार फिल्टर पाहिले की तिचा स्वभाव कळतो, आणि त्यानंतर त्यात बदल झाला की तो ओळखू येतो. कारखान्यात कंट्रोल चार्ट लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यासाठी कागदाचा बोटभर तुकडा वाळवून, तारीख आणि किलोमीटर लिहून, पाकिटात ठेवावा. घरात कुरकुर होईल, पण एका चपलेच्या खोक्यात पंधरा वर्षांची गाडी मावते.

किलोमीटरशेजारी इंजिन किती तास चाललं त्याचा अंदाजही लिहावा असा माझा आग्रह आहे, आणि त्याला कारण आपला भाग आहे. इथून अजिंठ्याला टुरिस्ट गाडी जाते तेव्हा जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर मीटरवर पडतात. पण लेणी पाहणारे फर्दापूरच्या फाट्यावर उतरून बसने पुढे जातात आणि गाडी तिथे तीन-चार तास उभी असते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ड्रायव्हर एसी लावून आत झोपला तर त्याला दोष कोण देणार? इंजिन मात्र तेवढे तास चालूच असतं आणि मीटर हलत नाही. वर्षभर असं झालं की १०,००० किलोमीटरला बदललेलं तेल प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त काम करून आलेलं असतं. उलट, समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने नागपूर गाठणाऱ्या गाडीचे तास कमी भरतात, पण बेअरिंगवरचा ताण आणि तेलाचा ताव वाढतो. जालना रोडच्या सिग्नलांवर रोज अडकणारी तिसरी. तिन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या असल्या तरी त्यांचे फिल्टर एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

धुळीबद्दल वेगळं प्रकरण आहे. एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटलेली, म्हणून कडेने हवा शिरते, एवढ्या कारणाने रिंगा-बोअर घासले गेल्याची उदाहरणं कोणताही जुना मिस्त्री देईल. ती धूळ स्वतः तेलाच्या फिल्टरात ओळखू येत नाही, फार बारीक असते. दिसते ती तिने घासून काढलेल्या लोखंडाची वाढलेली लव. चुंबकावर अचानक जास्त लव आली तर इंजिनाकडे पाहण्याआधी एअर फिल्टरचं झाकण उघडावं. त्याला पैसे पडत नाहीत.

आता ज्या गोष्टी हा कागद सांगत नाही त्यांच्याविषयी. व्हॉल्व्ह जळला, इंजेक्टर ठिबकतो, हेड गॅस्केटमधून कॉम्प्रेशन निसटतं, यातलं काहीही फिल्टरात दिसेलच असं नाही. बायपास उघडा राहिला असेल तर तुकडे फिल्टर टाळून गेलेले असतात आणि कागद फसवा स्वच्छ दिसतो. डिझेलचं तेल काळं असणं ही तक्रारच नव्हे. ते काजळीने काही शे किलोमीटरांतच काळं होतं आणि तसंच नीट काम करतं. बीएस-६ डिझेल गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, धूर गाळणारं यंत्र स्वतःला जाळून साफ करताना थोडं डिझेल तेलात उतरू शकतं. त्यासाठी डिपस्टिक काढून पातळी वर गेली आहे का ते पाहावं आणि वास घ्यावा. जुनी गाडी विकत घेताना फिल्टर पाहण्याचा सल्ला मी देतो, पण विकणाऱ्याने आदल्या आठवड्यातच सर्व्हिसिंग केलेली असेल तर कोरा फिल्टर काहीच बोलणार नाही.

एक भीती मनात आहे, ती लिहूनच टाकतो. ही विद्या लबाड हातात पडली तर गिऱ्हाइकाला लुटायला उत्तम आहे. दोन चमकणारे ठिपके दाखवून ‘हाफ इंजिन करावं लागेल’ म्हणणारा निघेलच. त्यामुळे पुस्तिकेतली छायाचित्रं गाडीमालकाने आधी पाहावीत, गॅरेजवाल्याने नंतर. जो गॅरेजवाला तुकडा हातात देतो, चुंबक लावून दाखवतो, मागचा तुकडा शेजारी ठेवतो आणि ‘आणखी दोन हजार चालवून पुन्हा बघू’ म्हणतो, त्याला या कामाचे वेगळे पैसे द्यावेत. त्याची पंधरा-वीस मिनिटं जातात आणि हात काळे होतात.

पाहून झालेला फिल्टर आणि निथळलेलं तेल नालीत किंवा मोकळ्या जागेवर टाकू नये. वापरलेलं तेल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध व्हावं याची जबाबदारी तेल बनवणाऱ्यांवरही आली आहे. गॅरेजवाल्याकडे तेल नेणारा अधिकृत माणूस येतो का, हे विचारून घ्यावं. हाताळताना रबरी मोजे घालावेत. हे तेल कातडीला बरं नव्हे. हे सगळं आता शिकून काय उपयोग, असं कोणी म्हणेल; शहराजवळ बिडकीनला विजेच्या गाड्यांचे कारखाने येऊ घातले आहेत आणि त्या गाड्यांना हा फिल्टरच नसतो, तरी आज रस्त्यावर असलेली इंजिनं पुढची बरीच वर्षं चालायची आहेत.

वॉरंटीतली गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात असेल तर जॉब कार्ड लिहून घेतानाच जुना फिल्टर परत हवा म्हणून सांगावं. पुष्कळ ठिकाणी कार्डावर जुन्या भागांसाठी रकाना असतो, तो रिकामा सोडू नये. पुस्तिकेच्या शेवटी आखलेली पानं जोडली आहेत: तारीख, किलोमीटर, अंदाजे तास, चुंबकावर काय आलं, कोणत्या रंगाचे तुकडे, तेलाची पातळी, एअर फिल्टरची स्थिती. नोंद पुढच्या सर्व्हिसिंगपासून सुरू करावी. मागच्या सर्व्हिसिंगचं आठवून काही भरू नये.